करार चालू असतानाच वाढणारे ब्रॉडबँड आणि मोबाइलचे दर : मुदतीआधी बाहेर पडता येते का?

रेडिंगकर (प्रश्न)

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सभासदांकडून एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरच्या ब्रॉडबँडसाठी चोवीस महिन्यांचा करार केला. महिन्याला ३० पौंड असा दर ठरला, आणि फोनवर बोलणाऱ्या विक्री प्रतिनिधीने 'दोन वर्षे दरात बदल होणार नाही' असे सांगितल्याचे मला आणि माझ्या पत्नीला, दोघांनाही स्पष्ट आठवते. आता कंपनीचा ईमेल आला आहे की एप्रिलपासून महिन्याला ३ पौंड जास्त आकारले जातील. करार करताना पाठवलेली कागदपत्रे उघडून पाहिली, तेव्हा करार-सारांशात ही वाढ लिहिलेली आढळली. त्यापुढच्या एप्रिलमध्ये आणखी ३ पौंड वाढतील, हेही तिथेच नमूद केलेले आहे.

पत्नीच्या मोबाइलचा करार याआधीचा, म्हणजे २०२४ च्या शरदातला आहे. त्यात वाढीचा आकडा दिलेलाच नाही. डिसेंबरचा महागाई दर अधिक ३.९ टक्के, एवढे सूत्र मात्र दिलेले आहे.

ऑफकॉम या दूरसंचार क्षेत्राच्या सरकारी नियामक संस्थेने करार चालू असतानाच्या दरवाढीवर बंदी घातल्याचे मी वाचले होते. मग एकाच घरात या दोन्ही वाढी कशा लागू होतात? दंड न भरता यांपैकी एखाद्या करारातून बाहेर पडता येईल का? आणि प्रतिनिधीने तोंडी दिलेल्या शब्दाला कायद्यात काही किंमत आहे का? ज्यांनी असे प्रकरण हाताळले आहे किंवा ज्यांना नियमांची माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

चौकस

आपण वाचलेली बातमी खरी आहे, परंतु मथळ्यातली बंदी प्रत्यक्ष नियमापेक्षा बरीच मोठी वाटते. ऑफकॉमने दरवाढीला बंदी केलेली नाही. बंदी आहे ती वाढीचा आकडा भविष्यातल्या महागाई निर्देशांकावर किंवा टक्केवारीवर सोपवण्याला. १७ जानेवारी २०२५ पासून केलेल्या नव्या करारांत, दर वाढणार असेल तर तो किती वाढेल हे पौंड आणि पेन्समध्ये, आणि कधी वाढेल हे तारखेनिशी, ग्राहकाने होकार देण्यापूर्वी ठळकपणे सांगावे लागते. आपला ब्रॉडबँडचा करार या तारखेनंतरचा असल्यामुळे त्यात ३ पौंड असा आकडा आहे. पत्नीचा करार तारखेआधीचा असल्यामुळे त्यातले जुने सूत्र मुदत संपेपर्यंत चालू राहील, कारण नियम मागील तारखेपासून लागू केलेला नाही.

हे सूत्र आले कुठून, हे समजले की पुढचे बरेच उलगडते. जानेवारी २०१४ पासून ऑफकॉमची भूमिका अशी होती की ठरलेल्या मुदतीत कंपनीने मासिक दर वाढवला, तर ग्राहकाला दंड न भरता बाहेर पडता आले पाहिजे. अट एवढीच होती की ती वाढ करारातच आधी स्पष्ट केलेली नसावी. कंपन्यांनी या अटीचा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि वाढच करारात लिहून टाकली. पुढे 'सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढलेला महागाई दर) अधिक ३.९ टक्के' ही जवळजवळ सर्रास पद्धत झाली, आणि महागाई दोन टक्क्यांच्या आसपास होती तोवर तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. डिसेंबर २०२२ चा सीपीआय १०.५ टक्के निघाला, तेव्हा २०२३ च्या वसंतात लाखो लोकांची बिले एकदम १४.४ टक्क्यांनी वाढली. ओ-टूसारख्या मोबाइल कंपनीने तर आरपीआय हा किरकोळ किमतींचा निर्देशांक धरला होता, त्यामुळे तिच्या ग्राहकांच्या सेवेच्या दरात १७.३ टक्के वाढ झाली. आरपीआयचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा २०१३ मध्येच काढून घेण्यात आला होता, तरी खासगी करारांत तो निर्धास्तपणे वापरला जात होता. पुढच्या वर्षीही ४.० अधिक ३.९, म्हणजे ७.९ टक्के वाढ झाली. या दोन वर्षांनंतर ऑफकॉमने जुलै २०२४ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला. महागाईची जोखीम कंपनीने ग्राहकाच्या गळ्यात घालू नये, आणि आपण एकूण किती पैसे देणार आहोत हे ग्राहकाला सही करण्यापूर्वी कळावे, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. करारात लिहिलेली वाढ लिहिल्याप्रमाणेच झाली, तर बाहेर पडण्याचा हक्क मिळत नाही. करारात नसलेली किंवा करारातल्या आकड्याहून मोठी वाढ केली, तर कंपनीला किमान एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते आणि ग्राहकाला दंडाविना बाहेर पडता येते. केवळ कागदपत्रांचा विचार केला तर आपले दोन्ही करार पहिल्या प्रकारात मोडतात.

तोंडी आश्वासनाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते आपली खरी बाजू तिथेच आहे. ग्राहक हक्क कायदा २०१५ च्या कलम ५० नुसार, व्यापाऱ्याने किंवा त्याच्या वतीने कोणी सेवेविषयी सांगितलेली गोष्ट ग्राहकाने निर्णय घेताना विचारात घेतली असेल, तर ती कराराचा भाग मानली जाते. कंपनी यावर असे म्हणेल की आपल्याला करार-सारांश आधीच दिला होता आणि तो वाचून आपण होकार दिला. हा युक्तिवाद कच्चा नाही, कारण होकारापूर्वी सारांश देणे जून २०२२ पासून बंधनकारक आहे आणि तो दिल्याची नोंद कंपनीकडे असणार. म्हणून केवळ आठवणीवर विसंबून चालणार नाही. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण मिळवणे ही पहिली पायरी आहे. माहिती संरक्षण कायद्याखाली आपल्याविषयी साठवलेली माहिती मागण्याचा अर्ज कंपनीला करावा. फोनचे ध्वनिमुद्रण त्यात मोडते, आणि एरवी एका महिन्यात उत्तर देणे कंपनीला बंधनकारक असते. अर्जात फोनची तारीख, अंदाजे वेळ आणि ज्या क्रमांकावरून बोललात तो क्रमांक लिहावा, म्हणजे 'सापडले नाही' असे सांगायला जागा उरत नाही.

हिशेबी

चौकस यांनी नियम नीट मांडला आहे, परंतु नव्या नियमाने ग्राहकाचे भले झाले असा समज कोणी करून घेऊ नये, एवढ्यासाठी थोडा हिशेब मांडतो.

डिसेंबर २०२४ चा सीपीआय २.५ टक्के होता. जुन्या सूत्राने एप्रिल २०२५ मध्ये ६.४ टक्के वाढ झाली असती, म्हणजे ३० पौंडांच्या बिलावर १ पौंड ९२ पेन्स. त्याच बिलावर ठोक ३ पौंड म्हणजे सरळ दहा टक्के होतात. ठोक ३ पौंडांची वाढ ६.४ टक्क्यांपेक्षा स्वस्त पडण्यासाठी मूळ बिल जवळजवळ ४७ पौंडांच्या वर असायला हवे. मोबाइलमध्ये तर फरक अधिक बोचतो. काही कंपन्यांनी १ पौंड ८० पेन्स असा आकडा ठरवला होता. १० पौंडांच्या सिम-ओन्ली (हँडसेटशिवाय फक्त सिमच्या) योजनेवर ही वाढ १८ टक्के होते आणि ४५ पौंडांच्या योजनेवर ४ टक्के. थोडक्यात, सर्वांत स्वस्त योजना घेणारा माणूस टक्केवारीने सर्वांत जास्त वाढ सोसतो. २०२३ सारखे वर्ष पुन्हा आले तर ठोक आकडा ग्राहकाला वाचवील हे मान्य, कारण ३० पौंडांवर १४.४ टक्के म्हणजे ४ पौंड ३२ पेन्स होतात. पण तशी वर्षे रोज येत नाहीत.

दुसरा मुद्दा सहीच्या महिन्याचा आहे, आणि याची चर्चा जवळजवळ होतच नाही. ३० पौंड दर आणि दर एप्रिलला ३ पौंड वाढ असा चोवीस महिन्यांचा करार घ्या. तो १ मेपासून सुरू केला, तर अकरा महिने ३० पौंड, बारा महिने ३३ पौंड आणि शेवटचा एकच महिना ३६ पौंड भरावे लागतात. एकूण ७६२ पौंड होतात. तोच करार १ मार्चपासून सुरू केला, तर ३० पौंडांचा महिना एकच मिळतो. मग बारा महिने ३३ पौंड आणि अकरा महिने ३६ पौंड, म्हणजे एकूण ८२२ पौंड. सेवा तीच, वेग तोच, जाहिरातीतला दरही तोच, आणि दोन महिन्यांच्या अंतराने ६० पौंडांचा फरक पडतो. काही कंपन्या वसंताच्या तोंडावर येणाऱ्या नव्या ग्राहकांना पहिल्या वाढीतून सूट देतात. ती सूट आहे की नाही हे मात्र जाहिरातीवरून ठरवू नये, करार-सारांशात पाहावे. तुलना करताना मासिक दर बाजूला ठेवून चोवीस महिन्यांची एकूण रक्कम काढावी. तेवढे केले की बऱ्याच 'स्वस्त' योजना आपोआप मागे पडतात.

रेडिंगकर, आपण करार उन्हाळ्यात केलात. त्यामुळे दुसऱ्या वाढीनंतरचे महिने आपल्या वाट्याला फार थोडे येतील, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

जुना_टेलिकॉमवाला

मी काही वर्षे या क्षेत्रात, ग्राहक टिकवण्याच्या विभागात काम केले आहे. म्हणून कंपन्यांची बाजू आणि व्यवहारातल्या काही गोष्टी, दोन्ही लिहितो.

कंपन्यांचे म्हणणे असे की देशभर फायबर टाकणे आणि फाइव्ह-जीचे मनोरे उभारणे यांवर अब्जावधी पौंड खर्च होतात, डेटाचा वापर दरवर्षी वाढतो, आणि वीज, पगार, भाडे यांपैकी काहीही दोन वर्षे स्थिर राहत नाही. हे सगळे खरे आहे. तरीही मला तो युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. ज्या धंद्याला दोन वर्षांनंतरचा खर्च आज सांगता येत नाही, त्याने ग्राहकाकडून दोन वर्षांची बांधिलकी तरी का मागावी? वाढीचा हक्क हवा असेल तर ग्राहकाला सोडून जाण्याचा हक्क द्यावा, आणि बांधिलकी हवी असेल तर दर बांधून द्यावा. महिन्या-महिन्याने चालणाऱ्या सिम योजना विकणारे ब्रँड पहिल्या मार्गाने आणि काही लहान फायबर कंपन्या दुसऱ्या मार्गाने धंदा करतातच. तेव्हा हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

नव्या नियमातली फट ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वांसमोर आली. ओ-टूने करारात १ पौंड ८० पेन्स अशी लिहिलेली वार्षिक वाढ एप्रिल २०२६ पासून २ पौंड ५० पेन्स होईल, असे चालू ग्राहकांना कळवले. नियम मोडला का? अक्षरशः पाहिले तर नाही, कारण कंपनीने पूर्वसूचना दिली आणि तीस दिवसांत दंडाविना बाहेर पडण्याची मुभाही दिली. ऑफकॉमने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली आणि हे नियमाच्या हेतूशी विसंगत असल्याचे सांगितले. तंत्रज्ञान मंत्री लिझ केंडल यांनीही करारातील दरवाढीच्या नियमांचा फेरविचार करण्याविषयी ऑफकॉमला पत्र लिहिले. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे पौंडांत लिहिलेला आकडासुद्धा अखेरचा शब्द नसतो. दुसरी अशी की ही मुदत सूचना मिळाल्यापासून मोजली जाते, वाढ लागू होण्याच्या दिवसापासून नाही. शरदात आलेला ईमेल 'एप्रिलमध्ये बघू' म्हणून बाजूला ठेवला की हक्क हातचा गेला. शिवाय हँडसेट हप्त्यांवर वेगळ्या करारात घेतलेला असेल, तर सेवेचा करार दंडाविना सुटतो, हँडसेटची बाकी मात्र भरावीच लागते. अशा विभागलेल्या करारात वार्षिक वाढ सेवेच्या भागावर होते, हँडसेटचा हप्ता तोच राहतो. बिलात दोन्ही आकडे वेगळे पाहावेत.

व्यवहारातली गोष्ट आता सांगतो. आपण फोन करून नाराजी सांगितलीत, तर समोरची व्यक्ती बहुधा 'नवी ऑफर' पुढे करील आणि बिल आत्ताच्या आत्ता तीन-चार पौंडांनी उतरेलही. पण त्यासोबत बहुतेक वेळा नवे चोवीस महिने सुरू होतात आणि त्या करारात पुढच्या एप्रिलची वाढ लिहिलेलीच असते. ऑफर स्वीकारण्यापूर्वी 'मुदत नव्याने सुरू होणार का' हा एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर लेखी मागावे. आमच्या विभागात हा प्रश्न विचारणारे ग्राहक क्वचितच भेटत.

रेडिंगकर

तिघांचेही मनापासून आभार. ध्वनिमुद्रणाचा अर्ज आजच पाठवला आहे. दोन शंका उरल्या आहेत. ध्वनिमुद्रणात प्रतिनिधीचे ते वाक्य निघाले आणि तरीही कंपनी मानली नाही, तर पुढे कोणाकडे जायचे? आणि आमच्या परिचयातल्या एका ज्येष्ठ बाईंना पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीचे सरकारी साहाय्य, मिळते. त्यांचेही ब्रॉडबँडचे बिल याच एप्रिलमध्ये वाढणार आहे. त्यांच्यासाठी काही वेगळी सोय आहे का?

चौकस

आधी त्या बाईंविषयी लिहितो, कारण त्यांचे काम सर्वांत सोपे आहे. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या इतर लोकांसाठीचे सरकारी साहाय्य) किंवा पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्यांसाठी अनेक कंपन्यांकडे सोशल टॅरिफ, म्हणजे सवलतीचे टॅरिफ, असते. ते साधारणपणे महिन्याला १२ ते २० पौंडांच्या दरम्यान असते, आणि एरवी मुदतीत त्याचा दर वाढवला जात नाही. त्यांच्या सध्याच्या कंपनीकडेच असे टॅरिफ असेल, तर चालू करार मोडून त्यात जाण्यासाठी सहसा दंड लागत नाही. कंपन्या या योजनेची जाहिरात फारशी करत नाहीत. त्यामुळे फोनवर 'सोशल टॅरिफ हवे आहे' असे नाव घेऊनच मागावे लागते.

आपल्या प्रकरणात आधी कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. तक्रारीत काय झाले एवढेच लिहून थांबू नये. काय हवे आहे तेही लिहावे : एक तर मूळ ३० पौंडांचा दर मुदतभर कायम ठेवावा, नाही तर दंडाविना करार सोडू द्यावा. ठरलेल्या मुदतीत तोडगा निघाला नाही, किंवा कंपनीने 'डेडलॉक' पत्र (आमच्याकडून यापुढे तोडगा निघणार नाही असे सांगणारे पत्र) दिले, की ग्राहकाला कोणतेही शुल्क न भरता तंटा-निवारण योजनेकडे जाता येते. कम्युनिकेशन्स ऑम्बुड्समन आणि सिसास अशा दोन मान्यताप्राप्त योजना आहेत, आणि प्रत्येक कंपनीला त्यांपैकी एकीची सभासद असावेच लागते. आपली कंपनी कोणत्या योजनेत आहे हे तिच्या संकेतस्थळावरील तक्रार-नियमावलीत लिहिलेले असते. त्यांचा निर्णय आपण स्वीकारला तर तो कंपनीवर बंधनकारक होतो. तो मान्य नसेल तर न्यायालयाचा मार्ग आपल्याला मोकळा राहतो. ऑफकॉमकडे मात्र वैयक्तिक तक्रारीचा निवाडा होत नाही. तिथे केलेली नोंद एखाद्या कंपनीविरुद्ध चौकशी सुरू करायची की नाही हे ठरवताना उपयोगी पडते, म्हणून ती वेळ काढून करावी, पण पैसे परत मिळण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

पत्नीच्या मोबाइलविषयी माझे मत असे की त्या करारावर भांडण्यात वेळ घालवू नये. सूत्र करारात आहे, आणि करार तारखेआधीचा आहे. त्याऐवजी मुदत कधी संपते ते आत्ताच पाहून ठेवावे. फेब्रुवारी २०२० पासून कंपनीला मुदत संपण्यापूर्वी १० ते ४० दिवस आधी तशी सूचना द्यावी लागते. ती आली की ६५०७५ या क्रमांकावर 'पॅक' (इंग्रजी अक्षरांत PAC) असा एसएमएस पाठवला की क्रमांक सोबत नेण्याचा कोड मिळतो. तो तीस दिवस चालतो. त्यासाठी कोणाशी बोलावे लागत नाही, म्हणजे ग्राहक टिकवणाऱ्यांची मनधरणीही ऐकावी लागत नाही. (जुना_टेलिकॉमवाला यांनी राग मानू नये.)

ब्रॉडबँड बदलण्याची वेळ आलीच, तर १२ सप्टेंबर २०२४ पासून 'वन टच स्विच' ही पद्धत सुरू झाली आहे. नव्या कंपनीकडे नोंदणी केली की जुनी सेवा बंद करण्याचे काम तीच करते, आणि मुदतीआधी सोडल्याचे किती पैसे लागतील हे जुनी कंपनी आपल्याला त्या टप्प्यावर कळवते. तो आकडा पाहून बदल रद्द करता येतो. त्यामुळे दंड नेमका किती, हे बांधिलकी न घेता समजून घ्यायचे असेल तर हा मार्ग फोनपेक्षा बरा आहे.

जुना_टेलिकॉमवाला

राग नाही. आमच्याकडेही 'पॅक'चा एसएमएस आला की फोन करायला थोडा उशीरच झालेला असे.

फक्त एक गोष्ट जोडतो, कारण तक्रार चालू असताना लोक ती हटकून करतात : रेडिंगकर, वाढलेले ३ पौंड मान्य नाहीत म्हणून डायरेक्ट डेबिट बंद करू नका. कंपनीच्या यंत्रणेला तक्रार आणि थकबाकी यांतला संबंध कळत नाही. थकबाकीची नोंद क्रेडिट फाइलवर जाऊ शकते, आणि ती पुसून घेणे हे वेगळेच काम होऊन बसते. पूर्ण रक्कम भरत राहा, प्रत्येक बिलानंतर 'वाढीव रक्कम हरकत नोंदवून भरत आहे' असे एका ओळीचे ईमेल तक्रार क्रमांकासह पाठवत राहा, आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर एप्रिलपासूनचा फरक परत मागा.